पोथ्यांचा वळसा

आखातात, अल बर्शातल्या त्या हॉटेलात हाउसकीपिंगच्या पोरी ब्रिजिटला टरकून असत आणि तिला ते मनातून आवडायचं. वसईची बाई. चादरीला एक सुरकुती दिसली तर अख्खा बेड पुन्हा घालायला लावायची. पण रिंचिनपुढे तिचं काही चालत नसे. रिंचिन अरुणाचलची, तवांगकडच्या एका खेड्यातली, मोनपा जमातीची मुलगी. कामाला वाघ आणि बोलायला अगदी मुकी. अशा माणसाने एकदा तोंड उघडलं की त्याला नाही म्हणणं जिवावर येतं.

त्या सकाळी तिने उघडलं. "मॅडम, आज गांव में चोस्कर है. आधा घंटा मिलेगा क्या? व्हिडिओ पे देखना है."

"अभी? चेकआउट का टाइम है. पूरा फ्लोअर डर्टी पडा है."

"अभी ही निकलेंगे मॅडम. बाद में खलास."

ब्रिजिटने मोठा सुस्कारा सोडला आणि तिला लिनन रूममध्ये नेऊन बसवलं. आपणही थांबली. देखरेख नको का, असं तिने स्वतःला बजावलं; खरं तर तिलाच बघायचं होतं.

चोस्कर म्हणजे काय ते रिंचिनने सांगितलं. पीक उभं राहिलं की गावची माणसं गोंपातल्या, म्हणजे मठातल्या, जाडजूड पोथ्या पाठीवर घेतात आणि लामांच्या मागून शेताशेताला वळसा घालतात. कीड पडू नये, अस्वलं-डुकरं शिरू नयेत म्हणून. पडीक शेताला मात्र त्यांच्या गावात वळसा नाही. राखायचं काय तिथे?

ब्रिजिटला यात काही परकं वाटलं नाही. वसईला आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताची पेंढी चर्चमध्ये नेतात, फादर तिला आशीर्वाद देतात. तिचे पप्पा, जोकिम, पेंढी धरून काढलेला फोटो दरवर्षी पाठवत आणि खाली लिहीत, 'आपल्याच शेतातली.' त्या शेतात कधीचा भराव पडून टॉवर उभा राहिला होता. पेंढी बाजारातली असायची. भावाने ब्रिजिटला सगळं कळवलं होतं. तरी ती दरवर्षी 'किती छान, पप्पा' असंच उत्तर धाडायची.

"अमा बोली, इस साल मक्का मेरे से भी ऊंचा है," रिंचिन म्हणाली. अमा म्हणजे तिची आई. वडील गेल्यापासून घरात एकटीच, गुडघ्यांनी पार थकलेली. पेरणीला रिंचिन जायची होती. रजा मंजूरही झाली होती. मग हॉटेल फुल्ल झालं आणि वरून निरोप आला, नेक्स्ट सीझन, इन्शाल्ला. ब्रिजिट एचआरशी तावातावाने भांडली आणि हात हलवत परत आली. तेव्हा अमानेच फोनवर समजूत घातली होती की तू काळजी करू नकोस, शेजाऱ्यांनी पेरून दिलं.

फोन लागला. चुलतभाऊ सांगे मिरवणुकीतून चालत दाखवत होता. पुढे लाल वस्त्रांतले लामा, मागे पाठीवर पोथ्या बांधलेल्या बायका, शिंगं आणि झांजा यांचा नुसता गजर. दोन्ही बाजूंना हिरवागार मका. रिंचिन बोट लावून सांगत होती, ये चाचा का खेत, ये मास्टरजी का. मग ती सरसावून बसली.

"अब हमारा."

पडद्यावर गवत होतं, गुडघ्याएवढं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मक्याचं एक ताट नाही. बांधावर सणाचे कपडे घालून अमा उभी होती, हातात धुपाचं भांडं. बांधावरचं गवत मात्र तिने चहूबाजूंनी कापून काढलं होतं, माणसांना चालता यावं म्हणून.

पुढचा लामा थांबला. त्याने शेताकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. अमाने हात पसरून कापलेली वाट दाखवली. क्षणभर सगळेच घुटमळले. मग लामाने मान खाली घातली आणि सरळ वाट धरली. त्याच्यामागून सगळा गाव सरळ गेला.

रिंचिन तिच्या भाषेत ओरडत होती. कुणाला ऐकू जाणार? सांगेही रेट्यासरशी पुढे निघाला. अमा कडेला वाकून जाणाऱ्या एकेका पोथीला डोकं लावत होती, तेवढं शेवटचं दिसलं. पोरीला पुढच्या फ्लाइटमध्ये बसवावं, असं ब्रिजिटला वाटलं. पण एक दिवसाची सुट्टीसुद्धा तिच्या हातात नव्हती, आणि याचा तिला संताप आला.

वॉकी-टॉकी खरखरला. कुणाला तरी टॉवेल हवे होते. इतक्यात रिंचिनचा फोन वाजला. अमा.

"मॅडम, क्या बोलूं?" रिंचिनने वाजता फोन तिच्यापुढे धरला.

एवढं एक ब्रिजिटला येत होतं. "बोल, नेटवर्क नहीं था. कुछ दिखा नहीं."

रिंचिनने फोन घेतला. त्या बोलण्यातला 'नेटवर्क' एवढा एकच शब्द ब्रिजिटला कळला. मग पलीकडून तो म्हातारा आवाज भरभर बोलू लागला, चांगलाच खुशीत. रिंचिन नुसती हुंकार देत होती. फोन ठेवून तिने डोळे पुसले.

"क्या बोली?"

"पहले पूछा, सांगे ने दिखाया क्या. मैं बोली, नहीं. तब बहुत खुश हुई." रिंचिनने टॉवेलांची चळत उचलली. "बोली, हमारे खेत को पूरा चक्कर लगाया. मक्का इतना ऊंचा, तू आती तो अंदर दिखती भी नहीं."

ती टॉवेल घेऊन गेली. त्या दिवशी ब्रिजिटने तिच्या खोल्या तपासल्या नाहीत.