सात नंबरचं रडणं

सरजाबाईला रडता येत नाही, हे त्या रेडिओ केंद्रावर शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. भांडायला सांगा, हसायला सांगा, सुनेला टोमणे मारायला सांगा, बाई हातातला कागद न बघता हाणून मोकळी. पण कागदावर कंसात 'रडते' असं आलं की घोडं तिथंच अडायचं. अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात ती आया होती. भीमगीतांच्या मंडळात गायची, म्हणून कुणीतरी तिला आवाजाची परीक्षा द्यायला लावली आणि बाई पास झाली. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्याला नांदेडच्या केंद्राहून बोलावण्याचं कार्ड यायचं आणि सरजाबाई पहिल्या एसटीनं हजर व्हायची.

दवाखान्यात तिची एक खोड होती. एखादं लेकरू दगावलं की नातेवाइकांच्या हातात देण्याआधी ती त्याच्या छातीवर तळवा ठेवून बसायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. डॉक्टर म्हणायचे, "सरजाबाई, झालं आता, द्या त्यांना." ही म्हणायची, "थांबा की जरा." लोक वैतागायचे. ती कुणाला कारण सांगायची नाही, आणि कुणाची विचारायची छातीही नव्हती.

त्या ऑगस्टात लातूर जिल्हा होऊन दहा वर्षं भरत होती. पंचमी तोंडावर आली तरी पावसाचा पत्ता नाही, पेरण्या करपलेल्या, गावोगाव टँकर. आणि नाटकाचं नाव काय, तर 'उजेडाचा जिल्हा'! घ्या! प्यायला पाणी नाही आणि उजेड म्हणे. नाटक लिहिलं होतं विरूपाक्षअप्पांनी. अप्पा म्हणजे केंद्रावरचे नाटकाचे साहेब, नोकरी सरायला सहा महिने उरलेले. हे नाटक स्पर्धेसाठी दिल्लीला धाडायचं आणि बक्षीस घेऊनच घरी बसायचं, असा त्यांचा पक्का बेत. नाटकाची सुरुवात बहात्तरच्या दुष्काळात होती. तलावाच्या कामावर एका बाईचं लेकरू मरतं, ती रडते, आणि तिथून पुढं कालवे, कॉलेज, कलेक्टर कचेरी, सगळा आनंदीआनंद. त्या बाईचं काम सरजाबाईला आणि तिच्या नवऱ्याचं काम खुद्द अप्पांना.

अप्पा सकाळपासून खुशीत होते. त्यांची लेक सिंधु पंचमीला माहेरी येत होती, सकाळच्या लातूर-नांदेड एसटीनं, चार वर्षांच्या पोराला घेऊन. "नातवासाठी झोका बांधलाय ओसरीत," हे त्यांनी चारदा सांगितलं. दर वीस मिनिटांनी घड्याळ बघायचे. वाचन सुरू करायच्या आधी त्यांनी सगळ्यांना नेहमीचा दम भरला. "लाल दिवा लागला की कुणी शिंकलं, पडलं, मेलं तरी टेप थांबणार नाही. चुकलं तर बोलत राहायचं. कापायला आपल्याकडं ब्लेड हाय." हा त्यांचा जुना नियम. काचेपलीकडं मशीनवर बसणारा सिद्धराम ह्या नियमाला इतका मुरलेला होता, की मध्येच वीज गेली तरी त्याचा हात बटनाकडं जात नसे. पन्नाशीचा गडी, गरजेपुरतं बोलायचा.

रडण्याचा प्रसंग आला तशी सरजाबाई माइकसमोर अवघडून उभी राहिली. अप्पा हसले.

"घाबरू नका बाई. तुम्ही फकस्त 'माझं लेकरू गेलं वं' एवढं म्हणा आन् मागं सरका. रडणं आपल्याकडं तयार हाय. सिद्धराम, सात नंबर लावा. ऐकवा बाईंना."

सिद्धरामनं कपाटातून टेपचं एक जुनं स्पूल काढलं, मशीनवर चढवलं. आधी दगड फोडायचा आवाज आला, लांबवर, पाच-सहा हातोडे. मग एक म्हातारी खोकली. दमेकरी खोकला, दोन ढास आणि शेवटी शीळ.

सरजाबाईच्या अंगावर काटा आला. हा खोकला तिनं नऊ वर्षं रोज ऐकला होता. नागुबाईचा, तिच्या सासूचा. सासू मरून जमाना झाला होता आणि इथं ती खोकत होती. मग एक बाई ओरडली, आणि सरजाबाईनं टेबलाची कड घट्ट धरली. आवाज तिचाच होता. बावीस वर्षांच्या सरजाचा. श्वास अडकत होता, हुंदका घशात फाटत होता, मागून सासू "उगी, उगी" करत होती आणि हातोडे थांबत नव्हते. टेप संपली तरी सरजाबाईच्या कानात चालूच होती.

"कुठलं हाय हे?" तिनं विचारलं.

"बहात्तरचं. तुमच्याच भागातलं की!" अप्पांना तेच हवं होतं. ही गोष्ट सांगायला त्यांना फार आवडायचं. "मी तव्हा दुसऱ्या केंद्रावर नवाच बदलून गेलेलो. खांद्यावर मशीन घेऊन तलावाच्या कामावर गेलो. एक लेकरू सकाळी हगवणीनं गेलेलं. त्याची आई नुसती दगडावानी बसलेली, डोळ्यात टिपूस न्हाई. आता रेडिओवर गप्प बाई काय कामाची? सोबतचे साहेब म्हणले, चला. मी म्हणलं, थांबा. जवळ गेलो आन् म्हणलं, बाई, हाललं की वं लेकरू! हात हालला बघा!"

अप्पांनी डोळे मोठे केले, तेव्हाच्यासारखाच हात पुढं केला.

"बस्स! झडप घातली तिनं. हलवलं, छातीला कान लावला, तोंडात फुंकलं. आन् मग जी फुटली! एक मिनिट वीस सेकंद. चाळीस नाटकांत वापरलं मी हे. चार केंद्रांनी नकला नेल्या. जरा जोरात फिरवलं तर इनोदी नाटकात सासूला बी चालतं."

"आन् हाललं होतं का साहेब, लेकरू?"

"छे वं! थंडगार पडलेलं. सकाळीच गेलेलं ते."

अप्पांनी तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसं? त्यांनी त्या दिवशी तिच्या तोंडाकडं बघितलंच कुठं होतं! ते मशीनचा काटा बघत होते.

चहाची सुट्टी झाली. बाकीचे कलाकार कँटीनला गेले. सरजाबाई बाहेर लिंबाखाली जाऊन बसली. काय वाटत होतं तिला? तळपायाची आग मस्तकाला गेली होती, दुसरं काय! वीस वर्षं. बुशशर्टातला एक साहेब म्हणाला होता, लेकरू हाललं. शिकलेला माणूस, खांद्याला सरकारी मशीन, तो खोटं कशाला बोलेल? आणि त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, भीमानं, तिच्या हातातून लेकराला, मिलिंदाला, ओढून घेतलं आणि मातीत ठेवलं. "हालला होता रं! साहेबानं बघितलं!" ती किंचाळत राहिली आणि लोकांनी तिला धरून ठेवलं.

त्या दिवसापासून भीमाला तिनं एकच वाक्य ऐकवलं. जितं लेकरू पुरलंस. भाकरी वाढताना ऐकवलं, भांडणात ऐकवलं, त्यानं जवळ यायला बघितलं तेव्हा ऐकवलं. दुसरं लेकरू तिनं होऊच दिलं नाही. आधी आधी भीमा म्हणायचा, "न्हाई गं सरजे, गार होतं ते." नंतर त्यालाच वाटायला लागलं, की खरंच हाललं असेल काय? मग तो दारूत बुडाला. अकरा वर्षं हे ओझं वाहून गेला बिचारा. आणि हा मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस त्या रडण्यावर बक्षीस घ्यायला निघालाय!

आधी तिच्या मनात आलं, आत जावं आणि ते स्पूल ब्लेडनं चिरून टाकावं. पण चार केंद्रांवर नकला होत्या, एक चिरून काय होणार? साहेबाला शिव्या द्याव्या तर तो म्हणेल, बाई, वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, सोडा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ती उठली. काय करायचं ते तिचं ठरलं होतं. लेकीच्या नावानं असलं अभद्र बोलायचं म्हणून तिनं मनातल्या मनात त्या सिंधुची क्षमा मागितली, पण पाय मागं घेतला नाही.

लाल दिवा लागला. एका माइकला दोघं समोरासमोर. अप्पांनी आपलं वाक्य म्हटलं, "सरकार मायबाप हाय, आपलं बी बरं होईल." पुढचं वाक्य सरजाबाईचं होतं. तिनं हातातला कागद खाली ठेवला.

"साहेब, एक खबर हाय. ड्यूटीरूममध्ये फोन आल्ता. लातूरची गाडी लोह्याच्या अलीकडं नाल्यात गेली."

अप्पांनी कपाळाला आठी घातली. बाई वाक्य चुकली, असंच त्यांना वाटलं. मग त्यांनी घड्याळाकडं बघितलं. गाडी यायची वेळ टळून अर्धा तास झाला होता आणि सिंधु पोचल्याचा निरोप आला नव्हता.

"कोणती गाडी?"

"सकाळची. माणसं गेली म्हणं. तुमच्या सिंधुताईचं नाव सांगितलं त्यांनी."

"काय बोलून राहिल्या तुम्ही?"

"डोक्याला लागलं म्हणं. जाग्यावरच."

आयाचा आवाज होता तो. दवाखान्यात इतकी वर्षं असल्या खबरी सांगितलेला, सपाट, खालचा आवाज. त्यावर कुणीही विश्वास ठेवावा. अप्पांच्या हातातले कागद गळून पडले, स्टुडिओत असा आवाज करायचा नसतो हे ते विसरून गेले. त्यांनी माइकचा दांडा धरला. डोळे कोरडे, तोंड पांढरंफटक. दगडावानीच झाले होते.

"पोरगं?" शेवटी ते म्हणाले. "माझा नातू? सरजाबाई, त्याचं काय?"

सरजाबाई त्यांच्या जवळ सरकली.

"हाललं म्हणं साहेब. हात हालला म्हणं, लेकराचा."

"हालला? जितं हाय?" अप्पा एकदम ताठ झाले, डोळ्यांत जीव आला, दाराकडं वळले, आणि तिथंच गुडघ्यावर बसले. मग फुटले. साठीला आलेला, उभ्या आयुष्यात लोकांची रडणी मोजलेला माणूस तोंड उघडून, लाळ गाळत रडत होता. "सिंधे... माझे माय... त्याला तरी ठेव रं देवा..." असं काहीबाही. सरजाबाईनं माइकचा दांडा खाली केला, त्यांच्या तोंडापाशी नेला. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

काचेपलीकडं सिद्धराम उभा राहिला होता. सकाळपासून सगळं त्यानं कानाला हेडफोन लावूनच ऐकलं होतं. त्यानं टेप थांबवली नाही.

पुरेसं झाल्यावर सरजाबाई म्हणाली, "उठा साहेब. सिंधुताई सुखरूप हाय. गाडी कुठं गेली न्हाई. फोन बी आला न्हाई."

अप्पांना आधी समजलंच नाही. मग समजलं तसे ते उठले. "खोटं? असलं खोटं बोलल्या? बाई, तुम्ही माणूस हाव का कोण? बापाच्या काळजाशी असला खेळ?"

"सात नंबरची बाई मी."

अप्पा बघतच राहिले. तिच्या तोंडाकडं त्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

सरजाबाईनं काचेकडं मान वळवली. "सिद्धरामभाऊ, किती भरलं?"

सिद्धरामनं आतून बटन दाबलं. "एक मिनिट पस्तीस."

"माझ्यापेक्षा पंधरा सेकंद जादा भरलं की साहेब. ठेवा कपाटात. आठ नंबर द्या. दुसऱ्या केंद्रांनी मागितलं तर नकला बी द्या."

"ते पुसा, सिद्धराम," अप्पा म्हणाले. सिद्धराम खाली मान घालून डबीवर काहीतरी लिहीत बसला.

"तुम्हाला मी लगेच सांगितलं, खोटं हाय म्हणून," सरजाबाई म्हणाली. "तुम्ही तव्हा मशीन उचललं आन् जीपमध्ये बसून गेलात. परत येऊन कुणी सांगितलं न्हाई मला. आज सकाळी कळलं."

अप्पा खुर्चीवर बसले. त्यांनी हात जोडले, आणि ते खरेच जोडले होते. "चुकलं माझं. काय करू सांगा. नाटक बंद करतो. ते स्पूल जाळतो. कुणाची माफी मागायची असंल तर मागतो."

"मागाल?"

"मागतो. शपथ."

"मग भीमाला सांगून या. माझा नवरा. लेकरू सकाळीच गेलं होतं, तू जितं पुरलं न्हाईस, एवढंच सांगायचं."

"जातो. आजच जातो. कुठं भेटतील ते?"

सरजाबाईनं दार ढकललं, बाहेर काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या.

"तलावाच्या खाली," ती म्हणाली. "लेकराच्या शेजारी."