पुढचा माणूस

आस्मामावने मनगटावरचं घड्याळ काढून बसच्या ड्रायव्हरकडे दिलं. ऐन उमेदीच्या दिवसांत तो असंच करायचा. श्वास किती चढलाय यावरून आपण किलोमीटरला किती वेळ घेतोय हे तो बिनचूक सांगायचा, आणि धावपटूंच्या क्लबातली पोरं आपापल्या घड्याळांत बघून गप्प बसायची. आज तर घड्याळ नकोच होतं. कपाळमोक्ष व्हायचाच असेल तर आकडे बघत कशाला व्हावा?

एन्टोटो डोंगराच्या चढावर धुकं होतं. प्रशिक्षक वोंडिमू सर निलगिरीच्या बुंध्याला टेकून उभे होते.

“पुढे तू,” ते म्हणाले. एवढंच.

आस्मामावचे दोन हंगाम वाया गेले होते. शनिवारी सर म्हणाले होते, ‘सोमवारी रानात ये, तुझं काय करायचं ते बघू.’ म्हणजे आज परीक्षा होती. रानात पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत धावायचं आणि त्याला ओलांडून जायचं नाही, ही इथली रीतच. पुढच्याचा वेग कमी पडला की सर शिट्टी मारतात, तो बाजूला होतो आणि दुसरा पुढे येतो. काल फोनवर त्याने बायकोला, अलेमनेशला, शब्द दिला होता, की उद्या माझ्यासाठी शिट्टी वाजली तर गाशा गुंडाळून गावी, गोज्जामला परत येतो.

“ये ना मग,” ती म्हणाली होती. “पोरगी तुला नुसती फोटोवरून ओळखते.”

घरी जावंसं त्यालाही वाटे, फार वाटे. पण हाकलून दिलेला माणूस म्हणून नाही.

पहिल्या फेरीला त्याने हातचं राखलं. झाडांमधून वळणं घेत, चढाला पावलं आखूड करत, उताराला अंग सोडून देत तो धावत राहिला. छातीत ती जुनी ओळखीची कळ उठली तेव्हा त्याला बरं वाटलं. हाच तो वेग. याच वेगाने त्याने एके काळी भल्याभल्यांना धापा टाकायला लावल्या होत्या. मागून धपधप पावलं येत होती. फेरी संपताना मोकळ्या जागेवर सर दिसले. शिट्टी त्यांच्या गळ्यात होती, ओठांत नव्हती.

दुसऱ्या फेरीत मागे कुजबुज सुरू झाली. फिकाडू आणि लिजालेम, क्लबातले सगळ्यात तेज दोघे, काल रात्रीच्या जेवणातल्या शिरोबद्दल, डाळीच्या पिठाच्या कालवणाबद्दल, बोलत होते.

“मीठच नव्हतं त्यात.”

“स्वयंपाकीण प्रेमात पडलीय.”

“प्रेमात मीठ जास्त पडतं रे, कमी नाही. तुला काय कळतंय त्यातलं!”

“बोलू नका,” आस्मामाव मान न वळवता म्हणाला. तेवढ्या दोन शब्दांनी त्याचा दम तुटला. “श्वास सांभाळा.”

“बरं, दादा.”

पोरं निमूट झाली. त्याला त्यांची कीव आली. वयच असं, दम कसा पुरवून वापरावा ते कळत नाही. शेवटच्या फेरीला समजेल.

शेवटच्या फेरीला त्याने राखून ठेवलेलं सगळं ओतलं. जबड्यापर्यंत वेदना चढली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, मांड्या लाकडाच्या झाल्या. आपल्या धापेखेरीज त्याला काही ऐकू येत नव्हतं. तो जीव तोडून धावत होता. शिट्टी वाजली नाही. मोकळ्या जागेवर पोचून तो गवतात आडवा झाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

सरांनी खाली वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बरोब्बर. मला हवा होता तोच वेग.”

आस्मामावला हसू आवरेना.

“या गाढवांना हळू धावा म्हणून सांगून घसा बसला माझा,” सर म्हणाले. “विश्रांतीच्या दिवशीसुद्धा एकमेकांच्या जिवावर उठतात. तुझ्यामागे मात्र मुकाट चालले. आता सोमवारी आणि बुधवारी तूच पुढे. खोली, जेवण, सगळं आहे तसं चालू राहील. काळजी करू नकोस.”

माणूस चांगला होता. सरांनी हे मनापासून, प्रेमानेच सांगितलं.

फिकाडू पाण्याची बाटली घेऊन आला. त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

“दादा, पाय काय मोकळे झाले आज! उद्या डांबरी रस्त्यावर बघ माझी मजा.” बाटली त्याच्याजवळ ठेवून तो लिजालेमला खुन्नस देत पुन्हा चढावर पळत सुटला. सर मागून ओरडले. दोघे हसत दिसेनासे झाले.

बसपाशी ड्रायव्हरने घड्याळ परत दिलं. आस्मामावने ते मनगटावर बांधलं नाही, खिशात टाकलं. मग त्याने फोन लावला. वाट बघत बसल्यासारखा तो लगेच उचलला गेला.

“वाजली शिट्टी?” अलेमनेशने विचारलं.

“नाही.”

“नाही?”

“सगळे माझ्या मागेच होते. कोणी पुढे गेलं नाही.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. पोरगी काहीतरी मागत होती.

“म्हणजे यंदाही येणार नाहीस.”

अजून वेळ होती. खरं काय ते सांगितलं असतं तर ती रागावली नसती, हसलीही नसती. उद्याच्या बसची वेळ तेवढी विचारली असती. तो बाटलीचं बूच फिरवत राहिला.

“नाही,” तो म्हणाला.

“बरं.” तिने पोरीच्या हातात हवं ते दिलं. “दम लागलाय तुला, इथवर ऐकू येतोय. जिवाला जप. जरा हळू धावत जा.”