झोपलेला सहा

जावातल्या सोलो शहराच्या थिएटरात पडद्यावर गेलेल्या वडिलांचे हात दिसले, तेव्हा विगातीला आधी भरून आलं आणि मग काहीतरी खुपायला लागलं. हात त्यांचेच होते, ते असताना चित्रित केलेले, वाकड्या करंगळीसकट. पण त्या हातांखालून येणारा आवाज त्यांचा वाटेना.

"स्पीकरच असले गं यांचे," शेजारी बसलेली आई कुजबुजली. "सगळं पत्र्यासारखं वाजतं."

विगातीने ते मानलं. आईचं का मानायचं नाही?

प्रत्येक गामलानचे, म्हणजे पितळी वाद्यांच्या संचाचे, सूर त्याच्या स्वतःपुरते लावलेले असतात; एका संचाची पितळी पट्टी दुसऱ्यात चालत नाही. सुरांची नावं म्हणजे आकडेच: एक, दोन, तीन, पाच, सहा; चार नसतोच. वडिलांनी आपल्या संचात सहाचा सूर हट्टाने किंचित उतरता ठेवला होता. दुसऱ्या गावचे वादक चिडवायचे, "तुमचा सहा जेवून झोपलाय वाटतं!" विगाती त्या झोपलेल्या सुरावरच गायला शिकली. ते गेल्यावर वर्षभर तिने एकच गोष्ट मनात धरली होती: त्यांच्या वर्षदिनी त्यांच्याच संचाबरोबर त्यांची आवडती रचना गायची.

वर्षदिनी गावात दुपारी वडिलांसाठी दुवा झाली. पाहुण्यांनी केळीच्या पानातला भात खाल्ला आणि वादक मंडपात येऊन बसले. ढोलावर दार्सिमिन होता, वडिलांचा पट्टशिष्य. त्याला ती लहानपणापासून कांग म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ.

पहिल्याच रचनेत तिचा आवाज सहावर गेला आणि बेसूर लागला. दुसऱ्यांदाही तेच. पुढे बसलेली एक म्हातारी चुकचुकली. "बापाच्या दुःखाने गळा बसलाय बिचारीचा."

रचना संपताच विगातीने वडिलांच्या वाद्यावरची सहाची पट्टी उचलून उलटी केली. कडा काळ्या पडलेल्या होत्या, पण पोटाची दोन्ही टोकं लखलखत होती. कानशीचे ओरखडे अगदी ताजे.

"कांग, हे कुणी केलं?"

दार्सिमिन ढोलाची वादी ताणत राहिला. "फिल्मवाल्यांना आवाज नव्याने भरताना सोबत व्हायोलिनं हवी होती. आपला सहा त्यांच्यात बसेना."

"म्हणून घासून चढवला?"

"नाहीतर दुसऱ्या गावचा संच घेणार होते ते. गुरुजींचे हात आणि आवाज परक्या गावचा! ते चाललं असतं तुला?"

"मला विचारलंत का?"

"तू नाहीच म्हणाली असतीस."

"मग परत लावा."

"पोरी, घासलेलं पितळ परत कुठून आणू?"

विगातीने आईकडे पाहिलं. आई चहाचे पेले गोळा करत होती. उगाचच करत होती. पेले अजून भरलेले होते.

"तुला माहीत होतं."

"तू गावात नव्हतीस तेव्हा घासणारे तीन दिवस आपल्याकडेच जेवत होते," आई हळूच म्हणाली. "पडद्यावर तरी ते आपल्याच संचाबरोबर दिसावेत, एवढंच होतं गं माझ्या मनात. आता गा. लोक बसलेत."

दार्सिमिनने ढोलावर थाप दिली आणि वडिलांची आवडती रचना सुरू झाली.

विगातीने डोळे मिटून सुरुवात केली. एक, दोन, तीन, पाच सगळे ओळखीचे होते. मग सहा जवळ आला आणि तिला जाणवलं की गळा आपणहून वर सरकतोय, त्या नव्या सुराला जाऊन मिळायला बघतोय. गाणाऱ्याचा गळाच तो, ऐकेल त्या सुराला जुळणार. तिने तोंड मिटलं.

वादन चालूच राहिलं. तिच्या ओळींची जागा रिकामी जात होती. पाहुण्यांत कुजबुज झाली. आईने मागून "विगाती" म्हटलं, मग पुन्हा एकदा म्हटलं. मोठी घंटा वाजल्याशिवाय रचनेतून कुणी उठत नाही, म्हणून ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

शेवटी घंटा घुमली. तिला कानस लागली नव्हती. ती जुन्याच आवाजात, जडपणे, बराच वेळ घुमत राहिली.

ती पूर्ण विरल्यावर विगाती उठली. वाद्यांचा मान राखत, एकही न ओलांडता, कडेकडेने, मंडपाबाहेर आली. मागून दार्सिमिनने पुढच्या रचनेची थाप दिली.