झाकलेल्या ओळीचा वचपा

मी एक बाटली बोलतेय. पांढरी, नारिंगी झाकणाची, गुडघेदुखीवरच्या गोळ्यांची. बाटल्यांनी गोड बोलावं अशी रीत असेल, पण माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझ्या मनात एका माणसाविषयी राग आहे आणि तो अजून विझलेला नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पोटात एकशेवीस गोळ्या भरल्या, झाकण आवळलं आणि पाठीवर वरच्या बाजूला एक ओळ छापली. यात कोळंबीचा अर्क आहे, ज्यांना कोळंबी चालत नाही त्यांनी घेऊ नये. बाकी माझ्या अंगावर पुष्कळ बढाया होत्या, पण ही एकच ओळ कुणाचा जीव वाचवण्यासाठी होती. मला तिचा अभिमान होता.

जहाजातून मी इकडे आले ती राकेशच्या नावावर. ठाण्याला कोपरीत पहिल्या मजल्यावर त्याचं ऑफिस. माणूस गोडबोल्या. प्राणिजन्य माल म्हटला की वेगळी परवानगी, परदेशातले वेगळे दाखले, महिना-दीड महिन्याचा खोळंबा. शिवाय बाटलीवर शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका असला की गिऱ्हाईक दुप्पट. तेव्हा राकेशने कागदावर सरळ 'वनस्पतिजन्य' लिहिलं आणि मोकळा झाला. उरली माझ्या पाठीवरची ओळ.

परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि तो ठिपका असं लेबल लावावं लागतं. कस्टम्सच्या ताब्यातल्या गोदामातच ते लावून घेतात, मग तपासणी, मग माल बाहेर. कल्याणच्या बाहेरच्या त्या गोदामात ठाकुर्लीच्या बारा बायका या कामाला येत. मालन त्यांची पुढारी. राकेशने तिच्या हातात पुठ्ठ्याचा साचा दिला. "मालनताई, साचा झाकणाला टेकवायचा आणि खाली लेबल मारायचं. एक सूतभर इकडेतिकडे नको."

साचा असा बेताने कापलेला की लेबल बरोब्बर त्या ओळीवर बसे. मालनचा हात सफाईचा. लेबल बसलं आणि माझी वाचा बंद झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी तिथे खाल्ला. तपासणीला साहेब आले, चार बाटल्या फिरवून पाहिल्या, नमुने नेले. लेबलाखाली काय दडलंय हे बघायचं कुणाला सुचलं नाही. माल सुटला.

खुशीत येऊन राकेशने प्रत्येक बाईला एकेक बाटली भेट दिली. "घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर न्या." मी मालनच्या पिशवीत बसून ठाकुर्लीला आले.

तिच्या घरात गुडघे दुखत होते ते सासऱ्यांचे. आबा खोपटच्या डेपोत मेकॅनिक होते. उभी हयात बसखालच्या खड्ड्यात उकिडवं बसून काढली आणि निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी दगा दिला. मूळचं घर रत्नागिरीकडचं, मासळीवाचून घास न उतरणारं. तरी त्या घरात पन्नास वर्षं कोळंबी शिजली नव्हती. तरुणपणी एका लग्नात आबांनी ती खाल्ली आणि ओठ सुजून, श्वास अडकून मरता मरता वाचले. तेव्हापासून सासूने आणि मग मालनने सुक्या मांदेलीची पुडीसुद्धा पारखून घेतली, तीत कोळंबीचं एखादं पिल्लू येईल म्हणून.

"काय काय घातलंय गं ह्यात?" आबांनी मला हातात घेऊन विचारलं.

"झाडपाल्याचं आहे आबा. हा बघा हिरवा ठिपका. मीच लावलंय लेबल."

सून म्हणाली म्हणजे संपलं. आबांनी जेवणावर दोन गोळ्या घेतल्या. मी आतून किती आकांत केला असेल, पण बाटलीचा आकांत कुणाला ऐकू येतो? अर्ध्या तासात त्यांचे ओठ सुजले. रिक्षा इस्पितळाच्या दारात पोचली तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टरांनी वय विचारलं, एकोणऐंशी ऐकलं आणि हृदय थांबलं असं लिहून दिलं.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर मालनने मला फडताळातून काढलं. सुजलेले ओठ तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते आणि त्या दिवशी आबांच्या पोटात नवीन अशा फक्त माझ्याच गोळ्या गेल्या होत्या. तिरकं बसलेलं लेबल सोडवायची तिची एक युक्ती होती. स्टीलच्या पेल्यात उकळतं पाणी घालून तो लेबलावरून फिरवायचा. तसा तिने फिरवला. लेबल सुटलं आणि मला पुन्हा वाचा आली.

इंग्रजी वाचायला लेक मैथिलीला बोलावलं. मैथिलीने वाचलं, परत वाचलं आणि मग आईकडे न बघता मराठीत सांगितलं. मालन रडली नाही. आपल्या हातांकडे बघत बसली. त्या बाईचा मला राग नाही, हे इथेच सांगून टाकते. तिला फसवलं होतं. त्या फसवणुकीचं उट्टं काढायचं हे आम्ही दोघींनी तेव्हाच ठरवलं, ती तिच्या जागी आणि मी माझ्या.

महिन्याने राकेशचा दुसरा माल आला, पहिल्याच्या चौपट. मालन कामावर गेली. मी तिच्या पिशवीत होते. पिशवीत कात्रीही होती आणि नवा पुठ्ठाही. तिने नवा साचा कापला, जुन्यापेक्षा दोन बोटं लांब.

शेजारी बसलेल्या रंभाने लगेच ओळखलं. "मालन, लेबल खाली बसतंय गं."

"बसू दे. आज असंच लावायचंय. कुणी विचारलं तर माझं नाव सांग, साचा मी दिलाय."

रंभाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नवा साचा झाकणाला टेकवला. बारा बायकांनी दिवसभर लेबलं मारली, एकूण एक सरळ, नीटस. राकेशचा माणूस दोनदा फेरी मारून गेला, त्याला काही खटकलं नाही. माझ्या हजारो बहिणी पाठीवरची ओळ उघडी टाकून रांगेत उभ्या राहिल्या. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पहिलीच बाटली उचलली आणि चष्मा वर सरकवला. "वर कोळंबी, खाली हिरवा ठिपका, कागदावर वनस्पतिजन्य. ह्यातलं खरं कुठलं?"

राकेशच्या तोंडचं पाणी पळालं. सगळा माल अडकला, आधीचे कागद पुन्हा उघडले गेले.

तो थेट ठाकुर्लीला आला. चप्पलसुद्धा काढली नाही. "साचा तुम्ही कापलात?"

"हो, मीच."

"मालनताई, माझ्या पोटावर पाय दिलात. काय बिघडवलेलं मी तुमचं?"

मालनने मला उचलून त्याच्यासमोर ठेवलं, पाठ त्याच्याकडे करून. "वाचा."

त्याने वाचलं नाही. मान फिरवून पुटपुटला, "मला माहितीये काय लिहिलंय."

"मला नव्हतं माहीत," मालन म्हणाली. "आबांनापण नव्हतं."

त्याने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं आणि त्याला सगळं उमगलं. हळूच माझ्याकडे हात लांबवत म्हणाला, "ती बाटली मला द्या. बाकी आपण बसून मिटवू." मालनने मला पदराखाली घेतलं आणि दाराकडे बोट केलं.

आता मी एका सरकारी कपाटात आहे, लाखेने बंद केलेल्या पिशवीत. पिशवीवर तक्रारदार म्हणून मालनची सही आहे. तिचं गोदामातलं काम गेलं. राकेश ठाण्यात सांगत फिरतो की म्हातारा वयाने गेला, बाई उगाच डूख धरून आहे. बरोबर बोलतो, आम्ही दोघी धरून आहोत.

माझ्या पोटात अजून एकशेअठरा गोळ्या आहेत. गुडघे बरे करायला मी जन्माला आले होते. आता मला फक्त त्याला शिक्षा झालेली बघायची आहे. म्हणून तुम्हाला एकच विनवणी. हे कपाट आवरायला कुणी आलं आणि जुनी बाटली म्हणून मला कचऱ्यात टाकू लागलं, तर त्याचा हात धरा. माझी तारीख उलटून गेली तरी चालेल, सुनावणीची तारीख लागेपर्यंत मला राहू द्या.