खुशालीची खुर्ची

थोरली हॉटेलच्या चादरींना हात लावत नसे. इस्त्रीच्या दुकानात कामाला लागली त्याच दिवशी तिनं मालकिणीला सांगून टाकलं होतं, "गणवेश द्या, पडदे द्या, वाट्टेल तेवढे शर्ट द्या, पण चादरी नको." मालकीण शहाणी होती. तिनं कारण विचारलं नाही, चादरींचं गाठोडं मुकाट्यानं दुसऱ्या टेबलावर सरकवलं.

त्या दिवशीही अकराच्या सुमारास थोरली शाळेच्या गणवेशांच्या कॉलरवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवत होती. तेवढ्यात दारातून अत्तराचा वास आला आणि पाठोपाठ आत्या आली. ही आत्या सगळ्या गल्लीची, सख्खी मात्र कोणाचीच नाही. गुबगुबीत हात, तोंडात अखंड साखर, कुणाच्या घरी दुखलंखुपलं की पहिली हजर. आणि ज्या घरात लग्नाच्या वयाची मुलगी आणि रिकामा डबा असेल, तिथं तर विचारायलाच नको.

"अगंबाई, किती वाळलीस गं! खातेस की नाही काही?" आत्यानं तिच्या गालावरून हात फिरवला. "बरं ऐक. रविवारी चार वाजता हॉलमध्ये खुशाली आहे. या वेळी तू बसायचंस. छानसे कपडे घाल आणि जरा हसून बोल."

थोरलीच्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. कॉलर करपली तेव्हा कुठे ती भानावर आली.

ही खुशाली काय भानगड आहे ते सांगायलाच हवं. आत्या मुलींना परदेशी कामाला पाठवायची. म्हाताऱ्यांची सेवा, पोरं सांभाळणं, हॉटेलातली साफसफाई. नव्या मुली निघायच्या आधी ती गल्लीतल्या हॉलमध्ये चहा ठेवायची. मधोमध एक खुर्ची, आणि खुर्चीवर तिकडून परत आलेली एखादी बाई. तिनं चारचौघांत सांगायचं की मालकीण मायाळू होती, जेवण वेळेवर मिळायचं, आठवड्याची सुट्टी असायची. मग आईबापांनी टाळ्या वाजवायच्या आणि कागदावर सही करायची. एवढंच असतं तर एखादी तरी नाही म्हणाली असती. पण खुर्चीवर बसली ती बाई गल्लीच्या लेखी स्वच्छ, आणि बसली नाही तर तिचं तिकडे नक्की काहीतरी झालेलं, असा तिथला हिशोब होता. बोलणी करायला आलेले सोयरेसुद्धा आधी विचारायचे, "खुशाली सांगितली का मुलीनं?" सात वर्षांत त्या खुर्चीवर अकरा बायका बसल्या आणि अकराही जणी सुखात होत्या. धन्य ती गल्ली! एकीच्याही डोळ्यांत कुणाला काही दिसलं नाही.

थोरली तिकडे गेली ती अशाच एकीचं ऐकून. समोरच्या शिवणकामाच्या दुकानातली चष्मेवाली त्या दिवशी खुर्चीवर बसली होती. हसत होती, पाय हलवत होती. थोरलीनं तिचा एकेक शब्द मनात साठवला होता. वडील रंगारी, रंगाच्या वाफांनी त्यांची छाती धरली होती आणि शिडी चढणं बंद झालं होतं. कुणीतरी कमावायला हवं होतं. ती गेली.

तिकडे चार महिने तिनं एका हॉटेलात भांडी घासली, फरश्या पुसल्या. पगार मागितला की आत्याचा तिकडचा माणूस म्हणायचा, पुढच्या महिन्यात. पासपोर्ट त्याच्या टेबलाच्या खणात. मग एक दिवस तो म्हणाला, हॉटेल बंद झालं, तुझ्या येण्याचा खर्च अजून फिटलेला नाही, एका मालिशच्या घरात टॉवेल धुवायचं काम आहे, तात्पुरतं. आठ दिवस तिनं खरंच टॉवेल धुतले. नवव्या दिवशी तिला वरच्या मजल्यावर पाठवलं आणि बाहेरून कडी लावली. तिथं ती अडीच वर्षं होती. आजारी पडली, अंगावरचं मांस झडलं, गिऱ्हाईकं नाकं मुरडायला लागली, तेव्हा त्यांनी तिला विमानात बसवून दिलं.

संध्याकाळी ती घरी आली तर धाकटी नव्या बॅगेत कपडे घालून बघत होती. एकोणीस वर्षांची पोर, आनंदानं नुसती नाचत होती.

"बघ गं ताई, चेन लागतेय! मला घेतलंय आत्यानं. रविवारी बाबा सही करणार."

तिनं धाकटीला मागच्या मोरीपाशी नेलं, नळ सोडला आणि सगळं सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही. धाकटीचा चेहरा पहिल्यांदा पांढरा पडला, मग कडक झाला.

"आत्या म्हणालीच होती," ती म्हणाली, "तू असलं काहीतरी सांगशील म्हणून. तुला आजारपणामुळे काढलं, म्हणून तू जळतेस माझ्यावर. मग फोनवर का हसायचीस गं? ते पण खोटं?"

"हो, ते खोटं."

"मग हे कशावरून खरं?"

थोरलीनं नळ बंद केला.

आईनं आतून सगळं ऐकलं होतं. तिला धक्का बसला नाही, आणि तेच थोरलीला जास्त लागलं. आई जवळ आली, तिच्या तोंडावर हात ठेवून कुजबुजली, "एक अक्षर बाहेर काढू नकोस. बाबा तिथल्या तिथं मरतील. धाकटी कामाला जाणार ते घर वेगळं आहे, चांगलं आहे, आत्यानं शब्द दिलाय मला."

"आई, तुला माहीत होतं?"

"मला काही माहीत नाही," आई म्हणाली. "आणि तू सांगू पण नकोस. रविवारी जा, पाच मिनिटं बस, चार शब्द गोड बोल. लोकांची तोंडं बंद होतील. तुझं पण कुठेतरी जमेल गं बाई."

आईच ती, लेकीवर प्रेम नव्हतं असं कसं म्हणू? पण एका लेकीची अब्रू झाकायला ती दुसरीला त्याच खड्ड्यात लोटायला निघाली होती, आणि याला ती संसार म्हणत होती. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं आईचा हात तोंडावरून बाजूला केला आणि न जेवता पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती रस्ता ओलांडून चष्मेवालीच्या दुकानात शिरली. चष्मेवाली मशीनवर काज करत होती.

"तुझ्या तोंडाकडे बघून गेले मी," थोरली म्हणाली. "हसत होतीस तू. कशी हसलीस गं? लाज नाही वाटली?"

चष्मेवालीनं मशीनवरचा पाय उचलला. मग म्हणाली, "मी पण कुणाच्या तरी तोंडाकडे बघूनच गेले होते. परत आले तर नवऱ्यानं दारातच विचारलं, खुशाली कधी? मी बसले नसते तर मुलगा मला मिळाला नसता. मार हवं तर मला. रोज वाटतं कुणीतरी येईल आणि मारेल."

थोरली तिला मारायलाच आली होती, खोटं कशाला बोलू? पण तिचा हात उठला नाही. ती तिथल्या स्टुलावर बसली आणि दोघी मिळून पोटभर रडल्या. रडून झाल्यावर थोरलीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "आता पुरे. मला त्या आत्यावर उट्टं काढायचंय. येतेस?"

दोघी तशाच पोलीस चौकीत गेल्या. तिथला हवालदार वाईट माणूस नव्हता, नुसता कंटाळलेला होता. "तुम्ही दोघी परत आलात, आता तुमचा शब्द आणि तिचा शब्द," तो म्हणाला. "ज्या मुली अजून तिकडे आहेत त्यांच्या आईबापांना आणा. त्यांनी तक्रार दिली तर साहेब हलतील."

थोरलीनं आत्याला निरोप पाठवला: बसते खुर्चीवर. आणि मग रोज काम सुटल्यावर ती घरोघर फिरली. सलूनवाल्याकडे गेली, बेकरीवालीकडे गेली, ज्यांच्या ज्यांच्या मुली तिकडे होत्या त्यांच्याकडे गेली. "रविवारी या हं. तुमच्या मुलींची पण खुशाली सांगणार आहे. तिकडे भेटायच्या मला." लोक हरखून गेले. आत्याला कळलं तेव्हा तीही खूश झाली, चहाचं दूध वाढवून ठेवलं तिनं.

थोरलीला सूड हवा होता, सरळ सांगतो. मुलींना वाचवणं वगैरे होतंच, पण त्या बाईचं गोड तोंड भर हॉलमध्ये कडू झालेलं तिला बघायचं होतं. कुणाला हे हलकं वाटत असेल तर वाटो, मला त्यात काही चूक दिसत नाही.

रविवारी हॉल गच्च भरला. पुढच्या रांगेत नव्या जाणाऱ्या तिघी, मध्ये धाकटी. शेजारी रंगारी, मांडीवर कागद, हातात पेन. थोरली निळे कपडे घालून खुर्चीवर बसली. आत्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग बाळा, कशी होती मालकीण?"

"मालकीण नव्हतीच," थोरली म्हणाली. "मालक होता. बाहेरून कडी लावायचा. आणि आत सोडायचा ते गिऱ्हाईक."

कपबशांचा आवाज थांबला. आत्या हसायला गेली. "डोक्यावर परिणाम झालाय हो पोरीच्या, आजारपणात..."

"माझं डोकं ठीक आहे. दिवसाला आठ-आठ माणसं मी मोजली आहेत, डोकं ठीक होतं म्हणूनच मोजली."

"खाली उतर!" रंगारी ओरडला. त्याचा श्वास अडकला, तरी तो ओरडला. "लाज सोडलीस का? उतर म्हणतो ना!"

"बाबा, तिला बोलू द्या," धाकटी म्हणाली. तिनं बापाच्या हातातलं पेन काढून घेतलं.

आता आत्यानं साखर बाजूला ठेवली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? म्हणजे ही तसली बाई निघाली. स्वतःच्याच तोंडानं कबूल केलंय. आता हिच्या बोलण्यावर काय जाता?"

"हो, तसली," थोरली म्हणाली. "मोठ्यानं म्हणा, मागच्या रांगेलाही ऐकू जाऊ दे. आणि कुणी केली तसली, तेही म्हणा. मला लाजवायला आलात? लाजून लाजून माझी लाज संपली हो आत्या. आता तुमची पाळी." मग ती सलूनवाल्याच्या बायकोकडे वळली. "काकू, तुमच्या मुलीची खुशाली सांगते. माझ्या शेजारच्या खोलीत होती. तिनं आपले केस कात्रीनं पार मुळापासून कापून टाकले, कुणी धरू नयेत म्हणून. मला म्हणाली, बाबांनी बघितलं तर म्हणतील, किती वेडेवाकडे कापलेस गं."

सलूनवाल्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तीस वर्षं दुसऱ्यांची डोकी नीट करणारा माणूस, त्याला उभंही राहता येईना.

बेकरीवाली उठली. "माझी? माझी कुठे आहे?"

थोरलीनं सांगितलं. एकेकीची, नाव घेऊन, खोली सांगून, रस्ता सांगून. मग चष्मेवाली मागून पुढे आली आणि तिनं सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोलले. दोन बाप आत्याच्या अंगावर धावून गेले. थोरली मध्ये पडली.

"हात लावू नका. मार खाऊन सुटेल ती. तिला इथं बसवा." ती खुर्चीवरून उठली. "बसा आत्या. आता तुम्ही खुशाली सांगा."

आत्या दाराकडे वळली. दारात आता सलूनवाला येऊन उभा होता, हात न उगारता, नुसता उभा. आत्या खुर्चीवर बसली. अत्तर होतं, पण घामापुढे ते टिकलं नाही. कुणीतरी चौकीवर धावलं. इकडे कागद आणले गेले, सहीचेच कागद, पालथे करून त्यांच्या कोऱ्या बाजूवर आईबाप तक्रारी लिहू लागले. धाकटीनं पहिली ओळ लिहायला घेतली, आपल्या ताईच्या नावानं. आई कोपऱ्यात डोळ्यांना पदर लावून बसली होती. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं, पण ती तिच्याजवळ गेली नाही.

"फोन लावा," सलूनवाल्याची बायको आत्यासमोर येऊन म्हणाली. "माझ्या मुलीला द्यायला सांगा. तुमचा फोन असला की देतात म्हणे."

"बाजूला माणूस बसलेला असतो, काकू," थोरलीनं सांगितलं. "पण त्याला आपली भाषा येत नाही, फक्त रडणं कळतं. हसत बोला म्हणजे झालं."

आत्यानं नंबर लावला. स्पीकरवर आधी पुरुषाचा आवाज, आत्यानं नुसतं मुलीचं नाव घेतलं, मग खाटखूट, मग मुलीचा आवाज. "हॅलो आई? मी छान आहे. जेवले. तू काळजी करू नकोस हं." दर वेळचं ठरलेलं, एका दमात.

सलूनवाल्याची बायको हसली. कशी हसली ते तिचं तिला माहीत. "बाळा, आम्हाला सगळं कळलंय. तुझी काही चूक नाही. पोलिसांना पत्ता देतोय. तू हसत राहा आणि ऐक. घरी यायचं. खोटं काही सांगायला लागणार नाही, कुठल्या खुर्चीवर बसायला लागणार नाही. बाबा केस नीट करून देतो म्हणाले."

पलीकडे ती मुलगी हसली, मोठ्यानं, शेजारच्या माणसाला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं, आणि हसता हसता म्हणाली, "आई, लवकर."

फोन बंद झाला. सलूनवाल्याच्या बायकोनं डोळे पुसले नाहीत. तिनं बेकरीवालीला हाताला धरून पुढे ओढलं, आत्याच्या समोर उभं केलं आणि म्हणाली, "आता हिच्या मुलीला लावा."