सगळ्या बंदराचं इंजिन

मित्रांनो, कितीही जवळ येऊन पाहिलंत तरी माझ्या अंगावर कुणा मालकाचं नाव सापडणार नाही. मी होडीचं एक जुनं डिझेल इंजिन. म्हसळ्याच्या खाडीकाठी एका लहानशा बंदरावर मच्छीमारांच्या साहाय्य मंडळाची एक खोली आहे. तिथे ताडपत्रीखाली माझा मुक्काम असतो.

माझी उमेदीची वर्षं दुसऱ्याच बंदरात, एका मोठ्या मालकाच्या होडीत गेली. त्याने नवं इंजिन आणलं आणि मला भंगारात काढलं. तिथून मला उचलून आणलं ते इथल्या सदू नावाच्या मच्छीमाराने. त्याच्या बंदरावरच्या जुन्या लाकडी होड्यांचा विमा उतरवायला कुणी तयार नव्हतं. मग कोळीवाड्यातली आणि मोहल्ल्यातली माणसं एकत्र बसली आणि त्यांनी आपलं आपणच ठरवलं. होडी किनाऱ्याला लागली की मासळीची एक पाटी मंडळासाठी बाजूला काढायची. तिच्या विक्रीतून कोश उभा करायचा. कुणाची होडी फुटली, जाळं वाहून गेलं, घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर सगळ्यांनी मिळून त्याला सावरायचं. आणि ज्याचं इंजिन बंद पडेल, त्याच्या होडीत ते दुरुस्त होईपर्यंत मी बसायचं.

मी पुष्कळ होड्यांत बसलो. कोळीवाड्यातल्या बुधाजीचं इंजिन ऐन हंगामात बंद पडलं, तेव्हा त्याचं घर माझ्यावर चाललं. मृणालीच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, लग्नात त्याने सगळ्यांच्या आधी मला हार घातला होता. लोक मला परत आणून देत ते पुसून, तेलपाणी करून. मला तेव्हा वाटे, आपल्यासारखं भाग्य कुणाचं नाही.

मग बरे दिवस आले. माझ्यासारख्याला बरे दिवस मानवत नाहीत. मोहल्ल्यातल्या नझीरचा मुलगा रय्यान आखातात कमावू लागला आणि नझीरच्या होडीत नवंकोरं इंजिन आलं. "माझं काय बिघडतंय? रोजची पाटी कशापायी काढू?" असं म्हणून नझीर मंडळातून बाहेर पडला. त्याचं पाहून आणखी दोघेतिघे निघाले. बाकीच्यांची पाटीही हळूहळू हलकी होत गेली. माझ्याकडे कुणी फिरकेनासं झालं. ताडपत्रीवर शेवाळ चढलं. आधी मला वाईट वाटे, पुढे तेही वाटेनासं झालं.

साथीचं ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. त्याच वर्षी जूनमध्ये चक्रीवादळ आलं. मासेमारी बंद होती आणि बहुतेक सगळ्या होड्या खाडीत नांगरून ठेवलेल्या होत्या. त्यांचे दोर आवळायला सदू गेला. तो परतला नाही. होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या, नारळी आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. वारा पडल्यावर सदूला शोधायला जो तो धावला. तो खारफुटीत सापडला. नझीरला सापडला. नझीरने त्याचा देह खांद्यावर घालून आणला.

सदूची बायको वेणूबाई रडली नाही. तिने अंगण झाडलं. दुसऱ्या दिवशीही झाडलं. बायका म्हणत, "वेणू, रड गं, मोकळी हो." ती म्हणे, "व्हय, रडीन," आणि पुन्हा केरसुणी हातात घेई. मंडळाच्या खोलीची चावी आता तिच्या कमरेला होती. अधूनमधून ती येई, माझ्याशेजारी बसे आणि उठून जाई. मित्रांनो, आम्ही दोघं तेव्हा अगदी सारखे होतो.

एकाचं बुडालं तर बाकीच्यांनी सावरायचं, हा मंडळाचा नियम. पण सगळ्यांचंच बुडालं तर? कोशात होतं नव्हतं ते पत्र्यांना आणि धान्याला लागलं. ऑगस्टात समुद्र खुला झाला, पण जायचं कशाने? धड राहिलेली होडी एकच. डागडुजीसाठी घरामागे ओढून ठेवलेली, नझीरची. त्याच्या इंजिनावर मात्र भिंत कोसळली होती. रय्यानची नोकरीही साथीत गेली होती. आणि चालण्याजोगं इंजिन म्हणाल तर बंदरावर मी एकटाच.

माणसं खोलीपुढे जमली. नझीर खाली मान घालून लांब उभा राहिला. पुढे आली ती त्याची बायको, कुबरा.

"होडी आमची, इंजिन तुमचं," ती म्हणाली. "होडीत माझ्या घरचा एकच माणूस बसंल. बाकीचे तुमचे. मासळी सगळ्यांची. पाटी सगळ्यांच्या आधी निघंल."

बुधाजी उसळला. "कोश भरलेला व्हता तवा ह्यानं पाठ फिरवली. आन् आता इंजिन पायजे? पुढच्या साली पुन्हा पाटी बंद करंल!"

 

वेणूबाई पायरीवर बसली होती. ती उठली, तिने कुलूप काढलं आणि माझ्यावरची ताडपत्री ओढली.

"वेणू, आधी ठरू तर दे," बुधाजी म्हणाला.

"ठरवा," ती सपाट आवाजात म्हणाली. "ठरंपर्यंत ह्याला तेल घाला. आज कुणाच्या चुलीवर काय हाय?"

बुधाजीने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या माणसांकडे. डोक्याचा रुमाल सोडून त्याने माझा गंज पुसायला घेतला. नझीर लांबून धावत आला आणि त्याच्याशेजारी बसला. मी गंजून घट्ट बसलो होतो. दोघांनी आळीपाळीने हँडल मारलं. पुष्कळ वेळाने मी खोकलो, धूर ओकला आणि सुरू झालो.

पहिल्या फेरीला नझीर, बुधाजी आणि कोळीवाड्यातले आणखी तिघे निघाले. आम्ही परतलो तेव्हा सगळं बंदर किनाऱ्यावर उभं होतं. बोंबील होते, थोडी कोलंबी होती. वेणूबाई गुडघाभर पाण्यातून मंडळाची पाटी घ्यायला आली. आधाराला म्हणून तिने हात टेकला तो नेमका माझ्या सायलेन्सरवर.

नुकतंच मला बंद केलं होतं. मी रसरसून तापलेला होतो. तिने हात उचलला नाही. मी तिला भाजत होतो, मला ते कळत होतं, पण मला गार होता येईना. ती समोर पाण्याकडे बघत होती.

"या अल्ला! वेणू, हात!" कुबराने ओरडून तिचं मनगट खेचलं आणि खाडीच्या पाण्यात बुडवलं.

वेणूबाईने पाण्यातल्या हाताकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग तिचे ओठ हलले.

"कुबरा, भाजलं गं. लय दुखतंय."

आणि ती रडली. कुबराच्या खांद्यावर डोकं टाकून, सगळ्या बंदरादेखत रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. नझीरने पाटी उचलून मंडळाच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

त्या हंगामात एकाच होडीवर सगळं बंदर जेवलं. मग कोश जमत गेला, एकेक होडी पाण्यात उतरली. नझीरची पाटी आजवर चुकलेली नाही. बुधाजी तिच्यात डोकावून बघतो, हेही खरं. वेणूबाईच्या तळव्यावर डाग राहिला आहे.

मित्रांनो, जी वस्तू सगळ्यांची असते, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. म्हणून तुमच्यापाशी एकच मागणं आहे. कधीतरी या, माझ्यावरची ताडपत्री काढा, तेल घाला आणि थोडा वेळ मला नुसतंच चालवा. वादळाची वाट पाहू नका; समुद्र शांत असेल, तेव्हाच या.