कुंकवाचा कण आणि काळा थर

मित्रांनो, मी एक जुना, काळा थर आहे. दुधावरच्या सायीहूनही पातळ. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका प्रयोगशाळेत, कपाटाच्या खालच्या फळीवर पडून आहे. मला वेळ भरपूर आहे आणि वाचा मुळीच नाही, म्हणून जीव नुसता तळमळतो.

मी कोळशाच्या जातीचा. प्लास्टिकच्या पापुद्र्यावर कार्बनचा मुलामा देऊन मला एका चपट्या डब्यात, धातूच्या बारीक जाळीखाली बसवले. डब्यात वायू असे. डोळ्यांना न दिसणारा एखादा कण त्यातून गेला की विजेचा बारीकसा शिंतोडा माझ्यावर पडे. मी तो शेजारीपाजारी थोडा पसरू देई, त्यामुळे कण नेमका कुठून गेला ते माझ्याखालच्या तांब्याच्या पट्ट्यांना कळे. ठिणगी पडलीच, तर ती मी अंगावर घेऊन जिरवी आणि खालची नाजूक यंत्रे वाचत. वीज माझ्यातून सावकाश वाहते, हाच माझा गुण. तोच माझा दोषही होता, पण तो किती मोठा हे तेव्हा कोणी मोजलेले नव्हते.

मला घडवले जाईने. नागपूरहून डॉक्टरेट करायला आलेली, हट्टी मुलगी. शेजारच्या टेबलावर शशिकांतकाका बसत. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली तरी जेवणाचा डबा घेऊन रोज हजर! "बरणीला दादरा बांधावा तशी जाळी ताणते ही पोरगी," असे कौतुक ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात व्हँकुव्हरला माझी परीक्षा होती. तिथल्या मोठ्या यंत्रातून कणांचा झोत माझ्यावर सोडायचा होता. पाचच दिवस मिळाले होते आणि पुन्हा मिळणार नव्हते. मी नापास झालो तर जाईची चार वर्षे पाण्यात जाणार होती.

त्याआधी दसरा आला. दर दसऱ्याला काका प्रयोगशाळेतल्या यंत्रांना हळदकुंकू वाहत आणि सोने म्हणून सगळ्यांना मेपलची पाने वाटत. चाळीस वर्षांचा नेम तो. त्या सकाळी डब्याचा गोंद वाळत होता, म्हणून झाकण उघडे होते. काकांनी चौकटीला बोट लावले, हात जोडले आणि समाधानाने जागेवर जाऊन बसले. कुंकवाचा एक कण तेवढा जाळीतून माझ्यावर पडला.

संध्याकाळी वीज चढवताच ठिणग्या उडू लागल्या. जाईने सूक्ष्मदर्शक लावला आणि ती किंचाळलीच.

"काका, धिस इज कुंकू! जाळी आता निघणार नाही. सेकंड पीस नाहीये आपल्याकडे, फ्रायडेला शिप करायचंय!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, आमचे जुने चेंबर्स सील्ड असायचे. लक्षातच आलं नाही गं माझ्या. सॉरी बेटा."

"सॉरीने काय होतंय? माझी फोर इयर्स गेली! प्लीज, यापुढे माझ्या कशालाही हात लावू नका."

काकांनी जेवणाचा डबा उचलला, कोट चढवला आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचे टेबल रिकामे होते. त्यानंतरही ते रिकामेच राहिले.

व्हँकुव्हरला मी जिवाचे रान केले. कुंकवापाशी ठिणगी उडे आणि मी ती गिळे. चार दिवस एकेक कण अचूक दाखवला. पाचव्या दिवशी कणांचा ओघ वाढवला आणि मी हरलो. आधीची वीज वाहून जाण्याआधीच पुढची येऊन थडके. तुंबलेल्या मोरीसारखा मी भरून गेलो आणि संकेत क्षीण झाले.

"त्या कुंकवानं घात केला," जाई रडत म्हणाली.

कुंकवाने नाही गं, मी केला! पण थराला कुठली वाचा?

हिवाळ्यात तिने आलेख काढले तेव्हा खरे बाहेर आले. जिथे कुंकवाचा मागमूस नव्हता त्या कोपऱ्यातही मी तेवढाच खचलो होतो. दोष माझ्या सावकाशपणाचा. तिने तो प्रबंधात प्रामाणिकपणे मांडला, त्यावरच तिला पदवी मिळाली. मला मात्र कपाट मिळाले. "काकांना फोन करायलाच हवा," मला आत ठेवताना ती पुटपुटली. मग ती नोकरीला माँट्रियलला गेली. फोन करू करू म्हणता राहूनच गेला.

पुढच्या दसऱ्याला काका आले. कुंकवाची पुडी हातात होती, पण त्यांनी ती उघडली नाही. कपाटापासून चार पावले लांबच थांबले.

"एवढा चांगला थर, माझ्या एका बोटानं वाया गेला," एवढेच म्हणाले आणि पुडी खिशात घालून परत फिरले.

मित्रांनो, यंत्रांना जरूर हात जोडा, पण झाकण लावून. एवढे सांगून मी गप्प बसलो असतो. पण माझा उभा जन्म दुसऱ्यावरची ठिणगी झेलण्यात गेला आणि काकांच्या मनातली ठिणगी काही मला झेलता येत नाही. रागाच्या भरात तुम्ही कोणाला दोष दिला असेल आणि तो त्याचा नव्हता हे मागाहून कळले असेल, तर ते वहीत लिहून थांबू नका. त्याला जाऊन सांगा. आणि तुमच्यापैकी कोणी माँट्रियलला जाणार असेल, तर जाईला माझा निरोप द्या. म्हणावे, फोन आजच कर. काकांना एक्याऐंशीवे लागले आहे.